खोक्यावर ५६, आत ५३, आणि तरी तो नियम बरोबर होता

१९९९ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या आमच्या पहिल्या मोडेमच्या, म्हणजे फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणाऱ्या यंत्राच्या, खोक्यावर समोर भलं मोठं ५६के (सेकंदाला ५६ हजार बिट) छापलेलं होतं आणि मागच्या बाजूला, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत असं काहीतरी की एफसीसीच्या नियमांमुळे डाउनलोड ५३ च्या वर जाणार नाही. आता एफसीसी म्हणजे कोण हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, पण बाबा हिशोबाचे पक्के, ते म्हणाले मधले तीन कुठे गेले, पैसे तर ५६ चे दिलेत. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला काका ते अमेरिकन गव्हर्न्मेंटने कापलेत, आपल्या हातात नाय. बाबांना ते पटलं, कारण सरकारने काहीतरी कापलं हे वाक्य आपल्याकडे कोणालाही लगेच पटतं.

तेव्हापासून हा किस्सा मी पुष्कळ ठिकाणी ऐकलाय, कॉम्प्युटरवाल्या लोकांच्यात तर तो सरकारी मूर्खपणाचं ठरलेलं उदाहरण म्हणून सांगतात, की बघा टेक्नॉलॉजी ५६ द्यायला तयार होती आणि कोणीतरी बाबूने ५० वर्षं जुना नियम काढून ५३ वर अडवलं. मी स्वतः पण हे बरीच वर्षं सांगत फिरलो. आता माझं मत उलटं झालंय. माझ्या मते तो नियम चांगल्या जातीचा नियम होता, आणि तसे नियम आपल्याकडे जास्त असते तर इंटरनेटची पहिली सात-आठ वर्षं आपली बरी गेली असती. पण हे म्हणण्यासाठी आधी तो नियम नक्की काय होता ते बघावं लागेल, कारण त्या नियमात ५३ हा आकडा कुठेच नाहीये. वेगाबद्दल तो नियम एक अक्षर बोलत नाही!

फोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा तिच्यातून जातो, आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ मध्ये मांडलेल्या गणिताप्रमाणे एवढ्या पट्ट्यातून, एवढ्या खरखरीत, सेकंदाला ३५ हजार बिटच्या आसपासच माल नेता येतो. मोडेमवाले हळूहळू त्या भिंतीपाशी पोचले, १९९४ ला २८.८, १९९६ ला ३३.६, आणि सगळ्यांना वाटलं संपलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की आता टेलिफोन एक्स्चेंज बहुतेक डिजिटल झालीत, तिथे आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक माप ८ बिटमध्ये लिहिलं जातं, म्हणजे ६४ हजार, आणि इंटरनेट देणारी कंपनी तर डायरेक्ट डिजिटल लाइननेच एक्स्चेंजला जोडलेली असते. मग तिने सरळ आकडेच पाठवायचे, ते एक्स्चेंजमध्ये एकदाच व्होल्टेजमध्ये बदलतील, आणि घरच्या मोडेमने ते व्होल्टेज ओळखून परत आकडे लिहून काढायचे. एका टोकाचं रूपांतर वाचलं, म्हणजे त्यातून येणारी खरखर वाचली. ८ पैकी ७ बिट धरले तर ८००० गुणिले ७, झाले ५६ हजार. अपलोड मात्र जुन्याच रस्त्याने, ३३.६. सुरुवातीला दोन कंपूंचे दोन वेगळे प्रकार होते, एक्स२ आणि के५६फ्लेक्स, एकाचा मोडेम दुसऱ्याशी ५६ च्या वेगाने बोलायचा नाही, १९९८ ला व्ही.९० स्टँडर्ड आलं आणि ते भांडण मिटलं.

इथपर्यंत सगळं छान. पण ते ८ बिटचे २५६ आकडे म्हणजे आवाजाच्या २५६ पायऱ्या, आणि त्या सारख्या अंतरावर नसतात. हळू आवाजाच्या पायऱ्या एकमेकींना चिकटून, मोठ्या आवाजाच्या लांब लांब, कारण माणसाच्या कानाला तसंच बरं पडतं. आता घरच्या मोडेमला खरखरीतून पायरी ओळखायचीय, तर चिकटलेल्या पायऱ्या त्याला एकसारख्याच दिसतात, त्यामुळे त्याला मोठ्या आवाजाच्या पायऱ्या हव्या असतात, आणि मोठा आवाज म्हणजे लाइनवर जास्त पॉवर. आणि इथे तो नियम येतो. एफसीसी, म्हणजे अमेरिकेचं दळणवळण खातं म्हणा, त्यांच्या नियमावलीचा भाग ६८ सांगतो की फोन लाइनवर अशा डिजिटल रस्त्याने आलेल्या सिग्नलची सरासरी पॉवर, कुठल्याही तीन सेकंदांत मोजा, उणे १२ डीबीएमच्या वर जाता कामा नये. उणे १२ डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा साधारण सोळावा भाग. बस. एवढंच म्हणणं. मग मोडेम बनवणाऱ्यांनी हिशोब केला की या मर्यादेत राहायचं तर सगळ्यात मोठ्या पायऱ्या फार वापरता येणार नाहीत, काही सोडाव्या लागतील. व्ही.९० मध्ये वेग १३३३ बिटच्या टप्प्यांनी वर-खाली होतो, ५६००० वरून दोन टप्पे खाली आलं की ५३,३३३. तोच तो आकडा.

(यात आमच्या बाबांना न कळलेली गंमत अशी की डाउनलोडच्या दिशेने बोलणारा मोडेम घरातला नसतोच, पलीकडचा, इंटरनेट कंपनीचा असतो. म्हणजे बंधन त्याच्यावर. आणि तो जर भारतात असेल तर त्याला अमेरिकेचा भाग ६८ लागूच नाही. आमच्या घरी आधी ३१,२०० च्या वर कधी कनेक्ट व्हायचं नाही, मग आमचा नंबर दुसऱ्या एक्स्चेंजवर गेला आणि ४५,३३३ दिसायला लागलं, तेव्हा मी पेढे वाटायचा बाकी होतो. बरं, हे आकडे खरे. काही मित्रांच्या स्क्रीनवर १,१५,२०० यायचं आणि ते कॉलर ताठ करून फिरायचे, तो कॉम्प्युटर आणि मोडेममधल्या केबलचा स्पीड होता, फोनच्या लाइनचा नाही. पण त्यांचा आनंद कोण घालवणार. सांगायचं एवढंच की आपल्याला अडवलं ते तांब्याने, भिजलेल्या जोडण्यांनी आणि जुन्या एक्स्चेंजने. अमेरिकेच्या सरकारचा संबंध फक्त खोक्यावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांपुरता.)

मग पॉवरवर बंधन कशाला? ज्यांनी लँडलाइनचा जमाना बघितलाय त्यांना हे एका शब्दात कळेल, क्रॉस कनेक्शन. आपण मावशीशी बोलतोय आणि मागे कोणीतरी लोखंडाच्या भावाबद्दल बोलतोय. आता त्यातलं बरंचसं खरोखर वायरिंगच्या गोंधळाने व्हायचं, पण दुसरं कारणही होतंच, एकाच जाड केबलमध्ये शेकडो घरांच्या तारांच्या जोड्या, लाइनमनच्या भाषेत पेअर, शेजारी शेजारी पिळून घातलेल्या असतात आणि एका पेअरमधला जोराचा सिग्नल शेजारच्या पेअरमध्ये थोडा थोडा पाझरतो. पावसाळ्यात डीपीत, म्हणजे तारा जोडायच्या पेटीत, पाणी गेलं की तर विचारूच नका. शिवाय माणूस बोलतो तेव्हा मध्ये थांबतो, ऐकतो, श्वास घेतो, हं हं म्हणतो. जुनी लांब पल्ल्याची यंत्रणा, जिच्यात एकाच वाहिनीवर पुष्कळ संभाषणं एकत्र घालून एकाच अँप्लिफायरमधून पाठवायचे, ती या थांबण्याच्या भरवशावर बांधलेली होती की सगळे एकदम बोलणार नाहीत. मोडेम श्वास घेत नाही. तो तासभर एका दमात ओरडतो.

आता गणपतीतली दोन मंडळं डोळ्यासमोर आणा, एकाच गल्लीच्या दोन टोकांना. एकाने आवाज वाढवला की दुसरा वाढवतो, कारण त्याला स्वतःचंच गाणं ऐकू येत नाही, मग पहिला परत वाढवतो, आणि शेवटी दोघांची गाणी कोणालाच ऐकू येत नाहीत आणि मधल्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांचे हाल. फोनच्या केबलमध्ये अगदी हेच होतं. एकट्या माझ्या मोडेमला दुप्पट पॉवर दिली तर माझा फायदा. सगळ्यांना दिली तर सगळ्यांच्या लाइनवर खरखर वाढते आणि ज्या फायद्यासाठी पॉवर वाढवली तोच जातो. आणि ज्याच्याकडे मोडेमच नाही, साधा फोन आहे, त्याला फायदा शून्य आणि खरखर फुकट. आपला ध्वनिप्रदूषणाचा नियम, २००० सालचा, तो काय म्हणतो, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. तो पाळला जातो का हा वेगळा आणि रडण्याचा विषय. पण त्याची जात बघा, तो आवाज किती एवढंच सांगतो, गाणं कोणतं ते सांगत नाही. लता लावा, नाहीतर रीमिक्स लावा. भाग ६८ मधलं ते उणे १२ पण डेसिबलचंच भावंड आहे, आणि ते पण तेवढंच बोलतं.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो महत्त्वाचा का ते कळायला भाग ६८ च्या आधीचं अमेरिकेतलं चित्र बघावं लागतं. त्या काळी तिथे फोन म्हणजे एटी अँड टी, बेल सिस्टिम. घरातला फोनसुद्धा तुमचा नाही, कंपनीचा, भाड्याने. आणि अट अशी की कंपनीने न दिलेली कुठलीही वस्तू फोनला जोडायची नाही. हश-अ-फोन नावाचं एक साधं प्रकरण होतं, फोनच्या तोंडाशी बसवायचा पेला म्हणा, म्हणजे शेजारच्या टेबलवाल्याला तुमचं बोलणं ऐकू जाऊ नये. त्यात वायर नाही, वीज नाही, काही नाही. त्याला पण कंपनीने बंदी घातली आणि एफसीसीने त्या बंदीला मान डोलावली! शेवटी १९५६ ला वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं की माणसाला स्वतःचा फोन स्वतःच्या सोयीने वापरायचा हक्क आहे, त्याने बाकीच्या लोकांचं नुकसान होत नसेल तर. मग टेक्ससच्या थॉमस कार्टरचा कार्टरफोन, ज्याने रानात, तेलाच्या विहिरींवर वगैरे असलेल्या माणसाच्या वायरलेस सेटला फोनशी जोडता यायचं. ते यंत्रसुद्धा फोनच्या वायरला हात लावत नव्हतं, रिसीव्हर त्याच्यावर ठेवायचा, आवाजानेच काम. कंपनीने त्यालाही विरोध केला. १९६८ ला एफसीसीने कार्टरच्या बाजूने निकाल दिला.

कंपनीचा युक्तिवाद काय होता माहितीये? नेटवर्कचं रक्षण. बाहेरच्या वस्तू जोडल्या तर आमच्या यंत्रणेला, आमच्या माणसांना, बाकी ग्राहकांना धोका. म्हणजे कारण तेच, उणे १२ च्या मागे आहे तेच. फरक कुठे होता, तर कंपनी कधीच सांगत नव्हती की धोका किती, कशाने, आणि किती कमी केला की चालेल. मोजमाप नाही, म्हणून पास होण्याचा रस्ताच नाही. अगदी सुरुवातीचे घरगुती मोडेम ते रबरी कपवाले होते ना, ज्यांच्यात फोनचा रिसीव्हर उलटा दाबून बसवायचा, ते इंजिनियर लोकांना हौस म्हणून तसे बनवलेले नव्हते. वायरला थेट जोडायला मिळत नव्हतं म्हणून बिचारे आवाजातून डेटा पाठवत होते, ३०० बिटने. १९६८ च्या निकालानंतरसुद्धा कंपनीने पळवाट काढलीच, जोडा हवं ते, पण मध्ये आमचा संरक्षक डबा पाहिजे, आणि डब्याचं भाडं महिन्याला. डबेवाल्यांचा धंदा असा पण असतो.

ते संपवलं भाग ६८ ने, १९७५ मध्ये. त्याने सांगितलं की नेटवर्कला होणारा धोका आम्ही आकड्यांत लिहितो, एवढं व्होल्टेज, एवढी पॉवर, अशी पिन, आणि जो कोणी या आकड्यांत बसेल त्याने खुशाल भिंतीतल्या सॉकेटला स्वतःची वस्तू लावावी, कंपनीला विचारायची गरज नाही. अमेरिकेतल्या घराघरांत ते छोटं प्लास्टिकचं सॉकेट पसरलं ते या वाटेनेच आणि नंतर आपल्याकडे पण आलं. आन्सरिंग मशिन, फॅक्स, कॉर्डलेस, १९८१ चा हेज कंपनीचा स्मार्टमोडेम, कंपनीच्या परवानगीशिवाय वाढलेलं सगळं जग त्याच आकड्यांच्या आडोशाला वाढलं. त्यामुळे ५६ वजा ५३.३, ते जे २.७ गेले म्हणून बाबा चिडले होते, ते मी भाडं समजतो. ते नसते, म्हणजे मोजलेली मर्यादा नसती, तर ५६ मिळाले नसते, डबा मिळाला असता.

आता याच्यावर कोणी म्हणेल की ठीक आहे, मर्यादा असावी, पण ती बरोबर आकड्यावर तरी असावी. हे मला मान्य आहे. उणे १२ हा आकडा जुन्या यंत्रणेकडे बघून ठरलेला होता आणि १९९८ पर्यंत लांब पल्ल्याचे ते अँप्लिफायर बहुतेक गेलेच होते, सगळं डिजिटल झालं होतं, उरलं होतं ते फक्त गल्लीतल्या केबलमधलं पाझरणं. एफसीसीने स्वतःच त्या वर्षी ही मर्यादा सैल करायचा प्रस्ताव आणला होता. म्हणजे त्यांनाही दिसत होतं. पण हेच बघा ना, आकडा लिहिलेला होता म्हणून तो चुकीचा आहे असं दाखवता तरी आलं, बदलायची चर्चा तरी झाली. नियमाचं वय झालं की तो बदलायला हवा, यात वाद नाही, आणि सरकारी खाती त्याला उशीर करतात यातही नाही. आणखी एक, जाहिरात करणाऱ्यांनी ५३ चं सत्य मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात टाकलं हा दोष नियमाचा धरायचा का? तेच लोक आज १०० एमबीपीएसच्या आधी बारीक अक्षरात अप टू लिहितात आणि त्यात तर कुठल्याच नियमाचा हात नाही.

आणि आपल्याकडे काय चाललं होतं? १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं, मुंबईच्या ऑफिसातून कारभार, आणि नोव्हेंबर १९९८ पर्यंत व्हीएसएनएल सोडून दुसऱ्या कोणाकडून घ्यायची सोयच नव्हती. पुढे खासगी कंपन्या आल्या, भाव पडले, चांगलं झालं. पण त्यांच्या लायसन्समध्ये एक अट होती, इंटरनेटवरून आवाज न्यायचा नाही. टेलिफोनी बंद. १ एप्रिल २००२ ला ती बंदी उठली, आणि तेव्हा पण अर्धीमुर्धी, कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला लावता येईल पण देशातल्या साध्या फोनला नाही. याच्यात पॉवर किती हा प्रश्नच नव्हता, केबलमधल्या शेजाऱ्याला काही पाझरत नव्हतं. डेटा म्हणून जाणारे तेच बिट, तेवढ्याच ताकदीचे, त्यात ईमेल असलं तर चालेल, फोटो असला तर चालेल, आईचा आवाज असला तर गुन्हा. हा गाणं कोणतं सांगणारा नियम. कारण काय, तर आयएसडीची, म्हणजे परदेशी फोनची कमाई. तेही मी समजून घेऊ शकतो, त्या पैशातून गावोगावची एक्स्चेंजेस उभी राहत होती असं म्हणणारे लोक होते आणि ते काही खोटं बोलत नव्हते, पण मग तसं उघड म्हणा ना, की आम्हाला एवढे कोटी पाहिजेत, एवढा कर लावतो आणि लोकांना बोलू द्या. तसं झालं नाही. एटी अँड टीने जसं नेटवर्कचं रक्षण पुढे केलं तसं इथे लायसन्सची अट पुढे केली, आणि एवढा आकडा गाठला की चालेल असा रस्ता कोणालाच ठेवला नाही.

गंमत म्हणजे चांगल्या जातीचा नियम आपण करू शकतो, केलाय. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लायसन्समधून मोकळा केला, अट एवढीच की अमुक वॉटच्या वर जायचं नाही, दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही. त्यानंतर घरात वायफाय लावायला कोणी खात्याकडे अर्ज केलाय का? तुमच्या राउटरमधून कीर्तन चाललंय की क्रिकेट की कोणाशी व्हिडिओ कॉल, ते कोणी विचारत नाही. शेजारच्याचा राउटर पण त्याच अटीत आहे म्हणून दोघांचं चालतं, जेमतेम का होईना.

याउलट गेल्या वीस वर्षांत वेगाबद्दल आपण जे सरकारी आकडे बघितले, २००४ ला ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस, २०१३ ला ५१२, २०२३ ला २ एमबीपीएस, ते सगळे व्याख्येचे आकडे. कोणाला ब्रॉडबँड म्हणायचं याचे. माझ्या गावच्या घरी संध्याकाळी सातनंतर त्या व्याख्येला विचारायला जावं तर ती झोपलेली असते.

तर तो मोडेम. १९९९ च्या दिवाळीत भाऊ न्यू जर्सीला होता, आयएसडी बूथवर लाल आकडे पळायला लागले की आईचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं, जेवलास का एवढं विचारून झालं की ती फोन ठेवायची. मग आम्ही कॉम्प्युटरवर माइक लावून बोललो. आवाज तुटत होता, दोन सेकंद मागे येत होता, आई प्रत्येक वाक्यानंतर मला विचारत होती त्याला ऐकू गेलं का. त्याच्या बाजूचा इंटरनेटवाला उणे १२ च्या आत राहून पाठवत असणार, ते त्याच्यावर बंधनच होतं. आमच्या बाजूला ४५,३३३ ची लाइन, कोणाच्या पेअरमध्ये काही पाझरलं नाही, आणि पाऊण तास चाललेलं ते बोलणं लायसन्सच्या अटीप्रमाणे बेकायदा होतं. आईला हे मी नंतर कधीतरी सांगितलं. ती म्हणाली, मग तेव्हाच सांगायचं ना, मी हळू बोलले असते.